बॉटनीच्या बाईंच्या लॉनमध्ये तण कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फाटकाशी थांबून विचारता, लग्नाच्या पंगतीत विचारता. जुने विद्यार्थी तर हसत हसतच विचारतात, "मॅडम, जन्मभर बॉटनी शिकवलीत आणि स्वतःच्या लॉनमध्ये एवढं तण? एकदा फवारून मोकळ्या का होत नाही?"

मला ओळखता येत नाही म्हणून ते तिथे आहे, असं कृपा करून समजू नका. कुंपणालगत गर्द, चकचकीत दिसतं ते गवत नाही, लव्हाळा आहे. त्याची दांडी बोटांत फिरवून बघा, तीन कडा लागतील. बदामाच्या आकाराच्या तीन-तीन पानांची ती आंबुशी, शेंग पिकली की हात लागताच बी उडवते. येण्याजाण्याने माती दगडासारखी झालीय तिथे दुधी, भोपळा नव्हे, त्याच नावाचं तण. लांब दांडीवर एकच फूल दिसतं ती एकदांडी, म्हणजे लहानपणी गुडघा फुटला की चोळून लावायचो तो दगडी पाला. केना उपटला की संपला असं वाटतं, पण तो पठ्ठ्या जमिनीखालीही फुलतो आणि तिथेच बी धरतो. आणि घोळ. तिच्याकडे येतेच.

बाकी, नर्सरीवाले बर्म्युडा म्हणून विकतात ते गवत म्हणजे आपली हराळीच. शेतकरी तिला खणून खणून थकतो आणि मी तिच्यासाठी पैसे मोजले. नको त्या जागी उगवलं की तण, ही व्याख्या मी वर्षानुवर्षं वर्गात सांगितली. "नको" हे कोणी ठरवायचं, ते एकाही पोराने विचारलं नाही. मीही नाही.

सासूबाई असत्या तर त्यांनी विचारलं असतं. वाईकडच्या त्या. पावसाळा लागला की सकाळी ओंजळभर घोळ खुडून आणायच्या आणि मूगडाळ घालून भाजी करायच्या. बंगल्याच्या लॉनमधून भाजी तोडायची, याची मला तेव्हा लाज वाटायची, हेही सांगून टाकते.

बागेचं काम ज्याला दिलं होतं त्याला मी सांगितलं होतं, तण काढा. काढा म्हणाले होते, मारा नव्हे. आम्ही दोघं बाहेर असताना त्याचा मुलगा पाठीला पंप लावून आला आणि सगळ्या लॉनवर फवारून गेला. सासूबाईंना वाटलं, पाणी मारतोय. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखी घोळ तोडली, भाजी केली. त्यांचं जेवण सगळ्यांच्या आधी व्हायचं. मी ओट्यापाशी गेले तेव्हा निवडून टाकलेले देठ ताटलीत पडले होते. पिळवटलेले, कोणीतरी मुरगळल्यासारखे वेडेवाकडे. घोळीचा देठ असा कधी वळत नाही. टू-फोर-डी, तणनाशक. वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करून तिला वेडीवाकडी वाढवत मारायचं, हे मी फळ्यावर चित्र काढून शिकवलेलं. ते चित्र माझ्या ओट्यावर पडलं होतं आणि सासूबाई हात धुऊन येत म्हणत होत्या, "आज जरा उग्र लागली गं."

पुढचं भराभर झालं. दवाखाना, सलाईन, रात्रभर बाकड्यावर. डॉक्टर विचारत होते, किती खाल्ली, औषध कुठलं, आणि कंत्राटदार फोनवर नाव सांगायला तयार नव्हता. "बाई, तुम्हीच म्हणाला होतात ना, एक काडी दिसायला नको." म्हणाले असेनही. त्याचा अर्थ हा होत नाही, हे मी आजही त्याला सुनवेन. सासूबाईंना काही झालं नाही. काहीच नाही. तिसऱ्या दिवशी त्या घरी आल्या.

पण त्यानंतर त्यांनी अंगणातलं काही तोडलं नाही. गणपतीत एकवीस दूर्वांची जुडी करायची तर आधी मला हाक मारायच्या, "अगं, ह्यावर काही मारलंय का?" नाही म्हटलं तरी शेवटी दूर्वा बाजारातूनच यायच्या. आता त्या नाहीत.

म्हणून फवारत नाही, असं म्हटलं की गोष्ट छान बसते. पण ते पुरतं खरं नाही. ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक मारलं तर लव्हाळ्याबरोबर लॉनही जळेल, आणि 2022 मध्ये केंद्र सरकारने ते फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांनीच वापरायचं, असं बंधन घातलं. टू-फोर-डी लव्हाळ्याला पुरतं मारत नाही. म्हणजे सासूबाईंची गोष्ट बाजूला ठेवली तरी माझ्याकडे कारणं आहेत. तरी पंपाचा आवाज आला की मी खिडकी लावते, ते काही या कारणांमुळे नव्हे.

हातावर हात धरून बसलेय असंही नाही. लव्हाळा नुसता ओढला तर वरचं पान हातात येतं, खाली गाठींची माळ तशीच राहते, आणि एक गाठ तुटली की झोपलेल्या बाकीच्या जाग्या होतात. म्हणून चांगला पाऊस झाल्यावर खुरप्याने खोल उकरून गाठींसकट काढायचा, पुन्हा डोकावला की पुन्हा काढायचा. रोज पाणी देणं बंद केलं, लव्हाळ्याला ओल आवडते. मशीनचं पातं वर घेतलं. हराळी जरा उंच राहिली की खाली ऊन पोचत नाही आणि बी कमी रुजतं. घट्ट झालेली माती पहारीने भोकं पाडून मोकळी केली, तिथली दुधी कमी झाली. उपटलेली घोळ तिथेच टाकू नका, ती पुन्हा मुळं धरते.

गाजर गवताला मात्र दयामाया नाही. 1950 च्या दशकात ते पुण्यात लक्षात आलं, आणि पुढे देशभर दिसू लागलं. फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट. त्याने माझ्या हातांना खाज सुटते.

शेजाऱ्यांनी ऊस-मक्यातल्या लव्हाळ्यासाठी मिळतं ते हॅलोसल्फ्युरॉन मारलं. त्यांचं लॉन सुरेख दिसतं, मत्सर वाटावा इतकं. कडेने लव्हाळा परत येतोय, पण थोडाच. आमच्याकडे यांचं म्हणणं, मागच्या अर्ध्या तुकड्यावर मारून बघू, तिथून कोणी काही तोडत नाही. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.