फुप्फुसाचा कॅन्सर आणि ब्लॉकची जपणूक : चिपळूण ते मुंबई, माझा अनुभव

आईला चौथ्या टप्प्याचा ॲडिनोकार्सिनोमा, फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार. चिपळूणला बायोप्सी, जनुकांची तपासणी मुंबईला. या प्रवासात सगळ्यात जपायची वस्तू म्हणजे ब्लॉक, बायोप्सीचा तुकडा बसवलेली मेणाची वडी. औषध कोणतं लागू पडेल हे मुख्यतः तिच्यातून कळतं.

सुईने निघणारा तुकडा जाड दोऱ्याएवढाच असतो. निदानासाठीच त्याचे काप संपले तर पुढच्या तपासणीला काही उरत नाही, म्हणून "बायोमार्करसाठी (औषध ठरवणाऱ्या खुणा तपासायला) राखून ठेवा" हे बायोप्सीच्या आधीच सांगावं. तुकडा लगेच १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणारं द्रावण) पडायला हवा आणि ६ ते ७२ तासांत त्यातून काढून मेणात बसवण्यासाठी पुढे जायला हवा. शनिवारी बायोप्सी असेल तर रविवारचं काय, ते लॅबला विचारून घ्या. तुकडा हाडातला असेल तर तो ॲसिडने मऊ केलाय का तेही विचारा, ॲसिडने डीएनए तुटतो. आणि मे महिन्यात ब्लॉक उन्हात बंद गाडीत ठेवू नका.

ईजीएफआर, एएलके, आरओएस१ ही जनुकं आणि पीडी-एल१ हे कॅन्सरच्या पेशींवरचं प्रथिन, एवढ्यांची तपासणी तरी हवीच. परवडत असेल तर एनजीएस (नेक्स्ट जनरेशन सिक्वेन्सिंग) करावं, एकाच तुकड्यात बरीच जनुकं तपासून होतात.

खरी कसोटी जनुकांचा रिपोर्ट येईपर्यंत थांबण्यात आहे. पीडी-एल१ लवकर येतो, आकडा मोठा दिसला की घरचे म्हणतात, इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध जागं करणारी औषधं) सुरू करून टाकू. पण ईजीएफआर पॉझिटिव्ह असेल, म्हणजे त्या जनुकात बदल असेल, तर तिचा उपयोग सहसा कमी होतो, शिवाय तिच्या पाठोपाठ ओसिमर्टिनिब (ईजीएफआरवरची गोळी) दिलं तर फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. थांबण्यासारखी तब्येत नसेल तर पहिली सायकल नुसत्या केमोची देता येते का, हे डॉक्टरांशी बोलावं. रक्तातूनही तपासणी होते. त्यात बदल सापडला तर उपचार ठरवता येतो, नाही सापडला म्हणून तो नाहीच असं मात्र धरू नये.

आईला एक्झॉन १९ डिलीशन, ईजीएफआर जनुकातला एक बदल, निघालं. ओसिमर्टिनिब ८० मिलिग्रॅम, रोज एक गोळी. फ्लॉरा या रुग्णांवरच्या औषध-चाचणीत या गोळीवर आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक (मधला) काळ १८.९ महिने होता, ईजीएफआरवरच्या जुन्या गोळ्यांवर १०.२.

रिपोर्टात "नमुना अपुरा" असेल तर तो निगेटिव्ह नव्हे, तपासणी झालेलीच नाही. आजार वाढला की पुन्हा तपासणी लागते, जुना नमुनाही कामी येतो. म्हणून पॅथॉलॉजी नंबर घालून लेखी अर्ज द्या, उरलेला ब्लॉक परत मागून घ्या.