डाव्या हाताची चिमूट

सूत कातायच्या टकळीकडे पाहून कोणाच्या मनात आदर वगैरे निर्माण होत नाही. वीतभर लांबीची पोलादी सळई, तिच्या खालच्या टोकाजवळ बसवलेली जुन्या रुपयाएवढी पितळी चकती आणि वरच्या टोकाला सूत अडकावे इतपत कोरलेली खाच, एवढाच तिचा संसार. चरख्याला निदान चाक असते, माळ असते, फिरताना तो आवाज करतो आणि त्याच्यासमोर बसलेल्या माणसाचे छायाचित्रही चांगले येते. टकळी मात्र सुया आणि बटणे यांच्या डब्यात पडून राहते आणि घरातली नवी पिढी तिला कुठल्यातरी मोडक्या यंत्राचा सुटा भाग समजते.

ठाण्याला नौपाड्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या काकूंच्या डब्यात अशी एक टकळी आहे. त्यांच्या लहानपणी कोकणातल्या शाळेत सूतकताईचा तास असे. हाताच्या उद्योगातून शिक्षण द्यावे ही कल्पना १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मांडली गेली आणि तिचा जो काही अंश पुढे गावोगावच्या शाळांपर्यंत पोहोचला, त्यातूनच ही टकळी काकूंच्या दप्तरात आली. घरात ती त्याआधीपासूनच होती, कारण त्यांचे आजोबा श्रावणीपूर्वी जानव्यांसाठी सूत काढीत आणि चार बोटांभोवती त्याचे शहाण्णव वेढे मोजून घेत. जानव्याच्या धार्मिकतेबद्दल ज्याला जे वाटायचे ते वाटो. गिरण्यांच्या काळातही टकळीचा हात काही घरांत टिकून राहिला तो या गरजेमुळे, हे मान्य करावे लागते.

मी त्यांच्याकडे शिकायला बसले ते निव्वळ कुतूहलापोटी. सुती कपडे आपण जन्मभर वापरतो, त्यांची किंमत, रंग आणि आटणे यांवर तासन्‌तास बोलतो, पण कापसाचा धागा होतो म्हणजे नेमके काय होते, हे मला सांगता आले नसते. आधीच्या सगळ्या खटपटी आता दुसऱ्याने करून दिलेल्या असतात. सरकी काढलेला, पिंजलेला कापूस सळईभोवती गुंडाळून सळई काढून घेतली की बोटाएवढ्या जाडीचा, पोकळ, हलका पेळू तयार होतो, आणि असे पेळू विकत मिळतात. पूर्वी गाद्या पिंजणारा पिंजारी धनुकली घेऊन ठाण्याच्या गल्ल्यांतूनही फिरत असे. स्वतः गांधीजींनी पिंजणाचे पहिले धडे मुंबईत मणिभवनात उतरलेले असताना तिथून रोज जाणाऱ्या एका पिंजाऱ्याकडून घेतले होते. आमच्या गल्लीत आता तसा कोणी येत नाही, त्यामुळे त्या कलेबद्दल मला फक्त ऐकीव आदर आहे.

कृती सांगायला सोपी आहे. चकतीच्या वर सळईला जुन्या सुताचा तुकडा बांधायचा, तो खाचेतून वर घ्यायचा, त्याचे टोक पेळूच्या टोकाला लावायचे, टकळीचे खालचे टोक गुळगुळीत बशीत टेकवायचे आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने व बोटाने तिला गिरकी द्यायची. टकळी फिरते, पीळ सुतातून वर चढतो, डावा हात पेळू घेऊन हळूहळू मागे सरकतो आणि मधल्या मोकळ्या जागेत, जिथे क्षणापूर्वी काहीच नव्हते, तिथे सूत दिसू लागते. हात पुरेल तेवढे सूत निघाले की त्याला आणखी थोडा पीळ द्यायचा, ते खाचेतून सोडवायचे, सळईवर गुंडाळायचे आणि पुन्हा तेच. गुंडाळलेल्या सुताची कुकडी वाढत जाते.

नवशिक्याचे लक्ष स्वाभाविकपणे फिरणाऱ्या टकळीकडे असते, कारण हालचाल तिथे असते. काकूंनी पहिल्याच दिवशी माझी हनुवटी धरून मान डावीकडे वळवली.

“अगं, उजव्या हाताकडे काय बघतेस? तो नुसता गडी आहे. मालक इकडे आहे.”

डाव्या हाताचे काम पाहण्यासारखे असते. पेळू बोटांत घट्ट धरला तर तंतू सुटत नाहीत, ताण वाढतो आणि सूत तुटते. सैल धरला तर पीळ चिमटीतून निसटून पेळूत शिरतो आणि तिथे अशी गुठळी होते की तिचे पुढे काहीच करता येत नाही. या दोन टोकांच्या मधली जी पकड आहे ती शब्दांत सांगणे मला अवघड वाटले असते. काकूंनी ती एका वाक्यात सांगितली. “रांगोळीची चिमूट धरतेस ना, तशी धर. आवळलीस तर रेघ उमटत नाही, सोडलीस तर ढीग पडतो.” त्यानंतर त्या उठून कुकर लावायला गेल्या आणि मी एकटीच बशीसमोर बसले. बोटांना ते लगेच कळले असे नव्हे, पण आपण काय शोधत आहोत हे तरी कळले.

कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, जी लांबीने अडीच-तीन सेंटिमीटर इतकी वाढते. बोंड उमलून ऊन लागले की तिच्यातला ओलावा जातो, गोल नळी चपटी होते आणि तिला जागोजागी नैसर्गिक आढे, म्हणजे वळसे, पडतात. गुळगुळीत तंतू एकमेकांवरून सहज घसरले असते. या आढ्यांमुळे ते एकमेकांना धरतात. मधल्या जाडीच्या, म्हणजे वीस नंबरच्या सुतात कोणत्याही ठिकाणी छेद घेतला तर दीडशेच्या वर तंतू शेजारी शेजारी असतात, आणि यांतला एकही तंतू बोटाच्या दोन पेरांहून फारसा लांब नसतो. तरीही धागा मैलभर अखंड राहतो तो डिंकाने नव्हे, गाठींनीही नव्हे, तर केवळ पिळाने. पीळ तंतूंना एकमेकांवर दाबतो, आणि धागा ओढावा तितका तो दाब वाढतो.

याहूनही मला आश्चर्य वाटले ते पिळाच्या एका स्वभावाचे. तो सगळीकडे सारखा पसरत नाही. सूत जिथे बारीक असते तिथे वळायला सोपे जाते म्हणून पीळ आधी तिथे शिरतो, आणि जाड भाग तसाच मऊ, न वळलेला राहतो. अशा वेळी डावा हात हलकेच मागे ओढला तर बारीक भाग पीळ बसल्यामुळे टिकून राहतो आणि जाड भागातले तंतूच तेवढे एकमेकांवरून सरकतात; तो भाग बारीक होतो, मग पीळ तिथेही पोहोचतो. म्हणजे जाड-बारीक सूत आपले आपण सारखे होऊ पाहत असते, अट एवढीच की पुरेसा पीळ चढण्याआधी ते ओढावे. उशीर झाला तर जाडी तशीच कायम होते आणि घाई केली तर धागा विरून हातात येतो. मी तो जाड फुगवटा डोळ्यांसमोर वितळून सपाट होताना प्रथम पाहिला तेव्हा टकळी फिरायची थांबली, उलटी फिरू लागली आणि सगळा पीळ उतरून गेला तरी माझे तिकडे लक्ष नव्हते. सुंभ जळला तरी त्याचा पीळ जात नाही म्हणतात. टकळीवरच्या ताज्या सुताचा पीळ मात्र जरा नजर हटली की जातो. म्हणूनच काढलेले सूत ताणून भिजवतात आणि वाळवतात, म्हणजे पीळ त्यात बसतो.

ठाण्याच्या हवेचाही यात हात आहे. कोरड्या हवेत कापसाचा तंतू ठिसूळ होतो आणि दमटपणात बळकट होतो; मुंबईच्या गिरण्यांना समुद्रकाठची हवा मानवली त्यामागे हेही एक कारण होते. मात्र गिरणीतल्या चात्याला, म्हणजे सूत कातणाऱ्या फिरत्या सळईला, घाम येत नाही आणि माझ्या बोटांना मे महिन्यात सकाळी आठ वाजल्यापासून येतो. घामेजल्या बोटांना तंतू चिकटतात आणि चिमटीचे सगळे गणित बिघडते. शाळेत असताना मुले बोटांना चुलीतली राख लावीत असे काकू सांगतात. नौपाड्यातल्या तिसऱ्या मजल्यावर चुलीची राख कुठून आणणार, म्हणून त्या देवापुढच्या उदबत्तीची राख एका डबीत साठवून ठेवतात. पावसाळ्यात पेळू सर्द होतात तेव्हा ते तांदळाच्या डब्यावर ठेवायचे, हीही त्यांचीच युक्ती.

आपल्याकडच्या बायकांच्या तळव्यांना हे ज्ञान फार पूर्वीपासून आहे. चातुर्मासात लक्ष वातींचा नेम करणारी आजी कापसाचा पुंजका मांडीवर ठेवून तळहाताने वळते, तेव्हा तंतू पसरणे आणि त्यांना पीळ देणे हीच दोन कामे ती करत असते. फरक एवढाच की तिची वात वीतभर झाली की संपते, आणि टकळीवर पीळ देण्याचे आणि गुंडाळण्याचे काम एकाच सळईने होत असल्यामुळे सूत संपण्याचे कारण उरत नाही. जिने किंवा ज्याने प्रथम वळलेला दोरा काडीला गुंडाळून ती काडीच फिरवून पाहिली असेल, त्या व्यक्तीला मी चाक शोधणाऱ्याच्या खालोखाल मानते. काडीला वजन यावे म्हणून लावलेल्या मातीच्या चकत्या सिंधू संस्कृतीच्या उत्खननांत सापडल्या आहेत, तेव्हा ही टकळी किमान चार हजार वर्षे तरी आपला आकार राखून आहे.

आता थोडा हिशोब. खादीच्या मापात चार फूट सुताला एक तार म्हणतात, १६० तारांची लटी आणि चार लट्यांची गुंडी. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले, त्यात सभासदाने दरमहा २००० वार सूत द्यावे असा नियम झाला. २००० वार म्हणजे १५०० तार, म्हणजे रोजचे ५०. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, आणि बहुधा ज्यांनी हात वर करून ठराव संमत केला त्यांनाही तसेच वाटले असावे. वर्ष उलटायच्या आत चार आणे वर्गणीचा पर्याय परत आणावा लागला. ज्यांना कातायचे नव्हते त्यांना दुसऱ्याचे सूत देण्याची मुभा होती आणि लोक सरळ ते विकत घेऊन देत होते. टकळी हातात घेण्यापूर्वी मी या लोकांना नक्कीच नावे ठेवली असती. आता, भाजी चिरून, डबे भरून झाल्यावर रोज ५० तार काढायला बसणे म्हणजे काय ते कळल्यामुळे, मी त्यांच्याबद्दल बरीच सौम्य झाले आहे.

हाच हिशोब पुढे नेला की गंमत वाढते. छत्तीस इंच पन्ह्याचे अडीच मीटर साधे कापड, इंचाला चाळीस उभे आणि चाळीस आडवे धागे धरले, तर त्यात सात किलोमीटरहून अधिक सूत लागते. ठाण्याहून सुटलेली धीमी लोकल मुलुंड आणि नाहूर करत भांडुपला पोहोचते, तेवढे हे अंतर आहे. रोज ५० तार याप्रमाणे ते सूत काढायला साधारण ११८ दिवस लागतील, आणि चार चांद्र महिनेही तेवढ्याच दिवसांचे असतात. एका सदऱ्याला एक चातुर्मास! हे माप डोक्यात बसल्यापासून कपाटात नुसतेच टांगून ठेवलेले सुती कपडे मला अस्वस्थ करतात. जुन्या काळी माणसे धोतर विरेपर्यंत नेसत, मग त्याचे पंचे करीत, पंच्यांची फडकी आणि फडक्यांची गोधडी करीत, त्यामागे काटकसर होतीच, पण त्या कापडात किती संध्याकाळी गेल्या आहेत याची जाणीवही असली पाहिजे.

ठाणे हे असल्या विचारांना योग्य गाव आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने या बंदराचे वर्णन केले त्यात इथल्या कापसाचा आणि कापडाचा उल्लेख आहे. पोखरण रस्त्यावर रेमंडची गिरणी होती. तिच्या जागेवर आता उंच इमारती उभ्या राहत आहेत. खाडीपलीकडे भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट अजून चालू आहे, आणि तिथे रोज जे सूत विणले जाते ते आधुनिक गिरण्यांतून येते, जिथे एकेक चाते मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेते. पण त्या गिरणीतही अखेर फिरणारी सळईच आहे, पुरवठा होणारे मोकळे तंतू आहेत आणि मध्ये पीळ चढण्यापुरती जागा आहे. काकूंची डाव्या हाताची चिमूट तिथे फिरत्या रुळांच्या जोड्यांनी केली जाते आणि ती, अर्थातच, कुकर लावायला उठत नाही.

माझे सूत विणकराकडे नेण्याच्या लायकीचे नाही. माग ताण्याला जो हिसका देतो तो त्याला सोसणार नाही, आणि मला त्याचे वाईटही वाटत नाही. त्याला उपयोग काकूंनीच सुचवला. वटपौर्णिमेला जांभळी नाक्यावरून सुताची रिळे आणली जातात आणि आमच्या गल्लीच्या टोकाशी असलेल्या वडाला गुंडाळली जातात. यंदा आपल्या घरचे सूत वापरू, असे त्या म्हणाल्या. वडाचा घेर सहज चार मीटर असेल, म्हणजे सात फेऱ्यांना २८ मीटर सूत पुरे. एवढे माझ्या कुकडीवर होते. काकूंनी ते हातभर उलगडले, दोन हातांत धरून ताणले, पुन्हा ताणले आणि मान हलवली.

“हे पाचव्या फेरीला तुटलं तर माझ्या राहिलेल्या जन्मांचं काय? दुपदरी कर.”

दुपदरी करायचे म्हणजे दुप्पट सूत हवे, आणि पीळ उलट्या दिशेने द्यायला हवा. दोन्ही पदर एका दिशेने वळलेले असतात. त्यांना जोडून विरुद्ध दिशेला फिरवले की प्रत्येकाचा पीळ थोडा उकलू पाहतो आणि त्या उकलण्याच्या धडपडीतच ते एकमेकांना धरून बसतात. तत्त्व मला पटले आहे. माझ्या उजव्या अंगठ्याला अजून पटलेले नाही. तो सवयीने टकळीला जुन्याच बाजूला गिरकी देतो आणि दोन्ही पदर सापाच्या वेटोळ्यासारखे आखडून बशीत पडतात. काकू म्हणतात, मग डाव्या हाताने फिरव. पौर्णिमेला अजून अवकाश आहे.