उद्यमबागच्या डब्यातलं चिकन सॅलड सँडविच

बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, उद्यमबागला नोकरीला लागल्यापासून दुपारच्या जेवणाला जेमतेम अर्धा तास मिळतो. त्यातला निम्मा वेळ डबा गरम करायच्या रांगेत जातो. म्हणून मंगळवारी आणि बुधवारी मी चिकन सॅलड सँडविच नेते. थंडच खायचं असतं.

तयारी रविवारची. रश्श्यासाठी कोंबडी आणतानाच बोनलेस ब्रेस्ट ३०० ग्रॅम वेगळं घ्यायचं. सोमवारी आमच्यात चालत नाही, पण शिजवलेलं चिकन फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगलं राहतं, त्यामुळे वार आडवा येत नाही.

सगळी गोम शिजवण्यात आहे. कुकर नको. पातेल्यात गार पाणी, मीठ, मिरी, तमालपत्र आणि आल्याचा तुकडा घालून त्यात चिकन सोडायचं आणि मंद आचेवर ठेवायचं. पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही, कडेला बारीक बुडबुडे आले तरी पुरे. खळखळ उकळलं की मांस आकसतं, आतला रस बाहेर येतो आणि चिकन चोथ्यासारखं लागतं. दहा-बारा मिनिटांनी गॅस बंद करून झाकण ठेवून तेवढाच वेळ तसंच राहू द्यायचं. मग जाड भाग कापून बघायचा: आत गुलाबी दिसता कामा नये. थर्मामीटर असेल तर मधोमध ७४ अंश सेल्सिअस हवं. उरलेलं पाणी टाकायचं नाही, सासूबाई त्यात भात शिजवतात. निवल्यावर चिकन हाताने सोडवते आणि वर सुरीने आडवं चिरते. लांब धागे राहिले तर एका घासात सगळं सारण ब्रेडमधून ओढलं जातं. दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये गेलंच पाहिजे.

मंगळवारी सकाळी पाच मिनिटांचं काम. नुसतं मेयोनेज मला जड वाटतं, म्हणून दोन चमचे मेयोनेजला तीन चमचे चक्का घेते. दही रात्रीच फडक्यात बांधून फ्रिजमध्ये टांगलेलं असतं. परदेशी कृतीत सेलरी असते. मी काकडी आणि कोथिंबिरीचे कोवळे देठ घालते, कुरकुरीतपणा तोच येतो. काकडीच्या बिया काढून, मीठ लावून ती घट्ट पिळायलाच हवी, नाहीतर दुपारपर्यंत पाणी सुटून ब्रेडचा लगदा होतो. कांदा अगदी बारीक, मिरपूड, लिंबू, एक हिरवी मिरची. डाळिंबाचे दाणे असले तर मूठभर.

ब्रेड कॅम्पातल्या बेकरीचा, आदल्या दिवशीचा, जाड कापलेला. दोन्ही स्लाइसना काठापर्यंत लोणी लावते. लोण्यामुळे ओल ब्रेडमध्ये मुरत नाही.

“थंडगार कोंबडी कोण खातंय गं?” असं सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या. आता त्या स्वतःसाठी वाटीभर सारण बाजूला काढायला सांगतात आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात. मला तर ते सँडविचपेक्षाही आवडतं.

कामावर पोचल्याबरोबर डबा फ्रिजमध्ये जातो. ज्यांच्याकडे ती सोय नाही त्यांनी बर्फाची पिशवी ठेवावी. एप्रिल-मेमध्ये पारा ३२ च्या वर गेला की असं सारण तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नये. बुधवारी जे उरेल ते संध्याकाळी चपातीत गुंडाळून मुलांना देते, गुरुवारपर्यंत काही शिल्लक ठेवत नाही.