मग जादा तास का घेता? तुम्ही विचारलंत म्हणून

‘सर, तुम्ही मुलांना विचार करायला शिकवा म्हणता, मग शिष्यवृत्तीचे जादा तास का घेता?’ शिक्षण परिषदेत विचारतात, लग्नाच्या मांडवात विचारतात. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांची स्वतःची मुलं क्लासला जातात, एवढं आधी सांगतो.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणीचे 50 प्रश्न असतात. तृतीय भाषेचे 25 धरून दीड तासात 75, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटही नाही. तेवढ्यात विचार होत नाही. प्रश्नाचा प्रकार ओळखून गोल काळा करता येतो, आणि तो सराव मी करून घेतो.

आमच्याकडची निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पोरं आजीजवळ राहतात. अशाच घरातली एक मुलगी होती. सराव चाचणीत ‘गटात न बसणारे पद’ विचारलं होतं: ऊस, कापूस, ज्वारी, गहू. उत्तरसूचीत कापूस, कारण तो खात नाहीत. तिनं ऊस लिहिला. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘बाकीच्यांचं बी असतं सर, उसाचं कांडं लावतात.’ मग एकानं ज्वारीची बाजू घेतली, एकानं गव्हाची. अख्खा तास त्यातच गेला. इतका चांगला तास माझ्या हातून क्वचितच झाला असेल.

मुकादमाची गाडी यायच्या आदल्या दिवशी तिची आई शाळेत आली. नवोदयचा, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरलेला होता. पेपर बघून तिनं विचारलं, ‘हे बरोबर की चूक?’ मी म्हणालो, ‘चूक नाही, पण मार्क मिळणार नाही.’ ती थोडा वेळ पेपराकडे बघत राहिली. म्हणाली, ‘मग मार्क मिळेल ते शिकवा सर. हिला कोयता द्यायचा नाही मला.’

यावर काय बोलणार? नवोदयला सहावीत फार तर 80 जागा, राहणं-जेवण फुकट, बारावीपर्यंत. त्या बाईला परीक्षेचा अर्थ माझ्यापेक्षा नेमका कळला होता.

नोकरीला लागलो तेव्हा मी म्हणायचो, परीक्षेसाठी शिकवणं हा मुलांवरचा अन्याय आहे. त्या तरुण मास्तरला आज विचारावंसं वाटतं, जादा तास बंद करून त्या मुलीला तू काय देणार होतास? पण तोही मला उलट विचारतो: उसाचं कांडं ओळखणारी पोर पुढच्या चाचणीत मुकाट्यानं कापूस लिहू लागली, ते तुला दिसलं ना? दिसलं. आणि तिचे मार्कही वाढले.

वरच्या इयत्तेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत काही प्रश्नांना दोन बरोबर पर्याय असतात. पण ते दोन्ही ही परीक्षा घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेनंच ठरवलेले. मुलाचं कारण ऐकायला तिथंही जागा नाही. लाखो उत्तरपत्रिका यंत्रानं तपासायच्या म्हटल्यावर कारणं वाचणार कोण, हेही मला कळतं.

म्हणून शनिवारी एक तास मी पर्यायांशिवाय घेतो. चार पदं मुलांनीच द्यायची आणि प्रत्येक पद वेगळं का, तेही त्यांनीच सांगायचं. जादा तासही चालूच आहेत. दोन्ही एकत्र नीट चालतं असा माझा दावा नाही. शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आली की पालक येऊन शनिवारचा तासही सरावाला मागतात. मी देतो.