अडल्यावर मूल कुठे बघतं?

पालकसभा संपली की दाराशी कुणीतरी घुटमळत असतंच. "बाई, पोराला येतं हो सगळं, फक्त आत्मविश्वास कमी पडतो. तो वाढवायला काय करू?" जिल्हा परिषदेच्या शाळेत २२ वर्षं शिकवतेय, दर सभेला हा प्रश्न ठरलेला. एरवी दोन वाक्यांत उरकते. तुम्ही विचारलंत म्हणून आज जरा बसून सांगते.

आधी खरंच येतं का ते बघा. चौथीत माझ्याकडे एक मुलगा होता, धडा खडाखडा म्हणायचा. एकदा वाऱ्याने पान उलटलं तरी गडी थांबला नाही! मोठी बहीण घरी मोठ्याने वाचायची, ते ऐकून सगळं पाठ. आत्मविश्वास दांडगा, वाचन शून्य. त्याच्याच वर्गात एक मुलगी होती. तिला काहीही वाचता यायचं, पण आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नसे. म्हणजे या दोन गोष्टी हातात हात घालून चालतात असं नाही.

पण तिचा आवाज कुणी घालवला? मीच. तेव्हा मी ओळीने एकेक परिच्छेद वाचायला लावत असे. मुलं आपल्या वाट्याचा परिच्छेद मोजून ठेवायची आणि तेवढाच मनात घोकायची. पाळी जवळ आली की दोघा-तिघांना हमखास तहान लागायची. मी त्याला कामचुकारपणा समजत होते.

मराठी जशी बोलतो तशी लिहितो, मग वाचायला काय कठीण, असं आपण म्हणतो. पण 'कि'ची वेलांटी डोळ्याला आधी दिसते आणि तोंडात नंतर येते. 'सूर्य'मधला र जाऊन बसतो य च्या डोक्यावर, म्हणायचा मात्र य च्या आधी. अशा जागी रोज फसणारं पोर एक दिवस ठरवून टाकतं, हे आपलं काम नाही. मग ते पुस्तक टाळतं, टाळलं की सराव राहून जातो, आणि वाचणारी पोरं आणखी पुढे निघून जातात. कीथ स्टॅनोविच या अभ्यासकाने १९८६ साली याला बायबलमधल्या वचनावरून 'मॅथ्यू परिणाम' म्हटलं: ज्याच्याजवळ आहे, त्यालाच आणखी मिळतं.

शाबासकी द्या, जरूर द्या. पण 'मला जमेल' हे वाटणं येतं कुठून, याचे चार उगम मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये सांगितले, त्यांत दुसऱ्याने दिलेला धीर हा एक आहे. सगळ्यांत भक्कम उगम म्हणजे स्वतः करून जमलेली गोष्ट. आमच्याकडे १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, पोरं वाचतात कमी आणि भाषणंच जास्त ऐकतात, ते सोडा.

पोरांना कितपत वाचता येतं हे घरोघरी जाऊन बघणारी 'असर' नावाची पाहणी असते, तिच्यातली एक गोष्ट मला फार आवडते. परिच्छेद जमला नाही तर मुलाला यादीतले कोणतेही ५ शब्द वाचायला सांगतात. शब्द मुलानेच निवडायचे, ४ बरोबर आले की झालं. निवड त्याची, हे मी तिथून उचललं. आता चौथीतल्या त्या पोराच्या हातात पहिलीचं पुस्तक दिलं असतं तर वर्गाने त्याला चिडवून हैराण केलं असतं. म्हणून त्याला काम दिलं, मधल्या सुट्टीनंतर पहिलीच्या पिल्लांना गोष्ट वाचून दाखवायची. पुस्तक तूच निवड. सोपं पुस्तक घ्यायला त्याला कारण मिळालं. (रोज नवं हं, नाहीतर हा पाठ करणार!) मुलीला मी वर्गासमोर उभं करणं बंद केलं, एकाच मैत्रिणीला वाचून दाखव म्हटलं. तिचं तेवढ्यावर भागलं.

घरी तुम्हाला करता येईल असं एकच सांगते. पोर अडलं की लगेच शब्द सांगू नका, मनात पाच आकडे मोजा. आणि ते कुठे बघतंय याकडे लक्ष ठेवा, तुमच्या तोंडाकडे की शब्दाकडे.

तो मुलगा कायम माझ्या तोंडाकडे बघायचा. दिवाळीनंतर एकदा पहिलीच्या वर्गात 'आश्चर्य'वर अडला. श्च, वर रफार, सगळंच एका ठिकाणी. आकडे मोजायचं मीच विसरले आणि सवयीने "आ..." म्हणून गेले. त्याने शब्दावरचं बोट हलवलं नाही, मानही वर केली नाही.

"बाई, सांगू नका."