पत्र दाखवून डिझेल मिळत नाही

मे महिन्याची अखेर होती. बीड जिल्ह्यातल्या माझ्या कामाच्या एका गावात शेततळ्याचं मोजमाप घ्यायला गेलो, तर पोकलेन बंद पडलेलं. बिघाड नव्हता, डिझेल संपलं होतं. तळं दोन मीटरच्या आसपास उतरलेलं, खाली पिवळसर कडक मुरूम. वरची काळी माती, ज्यांचं हे तळं त्या शेतकरी वहिनींनी आधीच वेगळी काढून बांधालगत रचून ठेवली होती. दोन एकरांची कोरडवाहू शेती, त्यामुळे मातीची किंमत त्यांना पक्की ठाऊक.

राज्य सरकारने 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली. 30 बाय 30 मीटरच्या, 3 मीटर खोल तळ्याला तेव्हा कमाल 50 हजार रुपये अनुदान होतं. आगाऊ रक्कम मात्र नव्हती. काम पुरं व्हायचं, मोजमाप व्हायचं, मग पैसे थेट खात्यात. खर्च वर गेला तर तो शेतकऱ्याचा.

वहिनींनी प्लास्टिकच्या पिशवीतून कार्यारंभ आदेश, म्हणजे काम सुरू करायचं सरकारी पत्र, काढलं. “सायेब, ह्या पत्रावर पंपवाले डिझेल देतेत का हो?”

मी नाही म्हणालो. ऑपरेटरही गप्प होता. त्याला तासाचे पैसे रोज मालकाला द्यायचे होते, त्याला तरी काय बोलणार?

शेवटी शेजारच्या रानातल्या काकांनी ट्रॅक्टरसाठी भरून ठेवलेला डिझेलचा कॅन आणून दिला. “पेरणीच्या आत परत कर पोरी,” एवढंच म्हणाले. त्यांचंही रान हलकंच होतं, पेरणी तोंडावर होती.

संध्याकाळी तळाशी टेप धरला तेव्हा 3 मीटर भरले. एवढं तळं काठोकाठ भरलं तर सुमारे 22 लाख लिटर पाणी. एका एकराला पाच सेंटिमीटरचं एक पाणी द्यायला दोन लाख लिटर लागतात. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली, कापसाची पाती गळायला लागली, की तेवढं एक पाणीसुद्धा हंगाम तारून नेतं. मुरमातून झिरपा होणारच, पण अस्तराचा प्लास्टिक कागदही स्वखर्चानेच आणायचा होता.

ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याचं तळं आठवड्यात होतं. ज्याला पाण्याची खरी गरज आहे तो उसनवारीला निघतो. अल्पभूधारकाला निम्मी रक्कम कार्यारंभ आदेशासोबतच मिळाली पाहिजे. तालुक्याच्या आढावा बैठकीत मी हे लेखी दिलं आणि दरवर्षी देतो.