कोल्हापूर-रत्नागिरी, आंबा घाट आणि मधेच दगा देणारा एक्झॉस्ट ब्रेक

मागच्या आठवड्यात मार्केट यार्डातनं गूळ भरून रत्नागिरीला गेलो, अंतर सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर, नेहमीचीच वाट. पण यावेळी एक्झॉस्ट ब्रेकच्या (उताराला इंजिनच्या जोरावर गाडी धरून ठेवणारा ब्रेक) वाल्वनं वाटेत अडवलं, ते सविस्तर लिहितोय कारण आंबा घाटातनं रोज आपल्याच माणसांच्या भरलेल्या गाड्या उतरतात.

बांबवड्याच्या पुढं चेक इंजिनचा दिवा लागला. पिकअप ठीक, काळा धूर नाही, टेंपरेचर जागेवर. उताराला एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबलं तर एकदा लागला, पुढच्या उताराला नुसतीच गाडी पळाली. मलकापुरात 500 रुपये देऊन स्कॅनर लावला, कोड आला पी 0475, म्हणजे एक्झॉस्ट प्रेशर कंट्रोल वाल्व. स्कॅनरवाला पोरगा लगेच म्हणाला, "मामा, वाल्व गेलाय, नवा टाकाय लागंल, साडेसात हजार." आणि तो येणार कोल्हापूरहून दुसऱ्या दिवशी.

मला ते पटलं नाही. कोड एवढंच सांगतो की त्या वाल्वच्या कामात किंवा लाइनमध्ये काहीतरी बिघडलंय, वाल्वच मेला असं तो सांगत नाही. 0477 आला तर सर्किटला व्होल्टेज कमी, 0478 आला तर जास्त, आणि 0470 ते 0474 हे तर प्रेशर सेन्सरचे कोड, त्यावरून कुणी वाल्व बदलायला सांगितला तर आधी थांबा.

आंबा गावात घाटाच्या अलीकडं सपाट जागा बघून गाडी लावली, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले आणि इंजिन गार होईस्तोवर चहा घेतला. (गरम सायलेन्सरजवळ हात घालू नका, कातडं निघतं.) मग खाली शिरलो. एक्झॉस्ट पाइपात फुलपाखरासारखी फ्लॅप असते, करंट मिळाला की वाल्व उघडून हवा सोडतो, त्या हवेनं छोटा सिलेंडर तिचा दांडा ओढतो, फ्लॅप बंद झाली की धूर कोंडतो आणि इंजिनच गाडीला मागं धरतं. दांडा हातानं हलवला, मोकळा होता, सोडला की स्प्रिंगनं परत यायचा, म्हणजे कार्बननं फ्लॅप जाम नव्हती. जाम असेल तर गंज सोडवायचं तेल मारा, ग्रीस लावू नका, ते तिथं जळून अजून घट्ट बसतं. आणि फ्लॅप बंद अवस्थेत अडकली असेल तर पिकअप जातो, काळा धूर येतो, इंजिन तापतं, तशी गाडी अजिबात रेटू नका.

हवेच्या नळीला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. क्लीनरला इंजिन चालू करून रेस देऊन पाय सोडायला सांगितलं (माझ्या गाडीत उभ्या गाडीवर पण लागतो, सगळ्यांत लागेलच असं नाही), दहातनं चारदाच दांडा ओढला गेला. इंजिन बंद करून वाल्वचा कनेक्टर काढला आणि बॅटरीवरनं फ्यूजमधनं थेट 24 व्होल्ट दिले तर "टक" करून दरवेळी वाल्व उघडला, दांडा खेचला. म्हणजे वाल्व चांगला, करंटच नीट पोचत नव्हता.

इथं खरी गंमत आहे बघा. कनेक्टरवर मल्टीमीटर धरून परत तशीच रेस दिली तर 24 व्होल्ट दाखवतोय, कुणीही म्हणेल वायर ठीक. पण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, एक तार जरी शिल्लक असली तरी पूर्ण व्होल्ट दिसतात. त्याच जागी 24 व्होल्टचा बारका बल्ब लावला तर नुसता लालसर पेटला आणि वायर हलवल्यावर विझला. मागं मागं चाचपत गेलो, गिअरबॉक्सजवळच्या ब्रॅकेटवर क्लिप तुटली होती आणि वायर चासीला घासून घासून सोलली होती, आत तांबं हिरवं पडलेलं, एकच काडी धरून होती. खराब भाग कापून नवा तुकडा जोडला, स्लीव्ह चढवली, वर टेप आणि नवी टाय. परत रेस दिली, दहातनं दहा वेळा.

मग घाट उतरलो, धुकं होतं, तिसऱ्या गिअरमध्ये गाडी छान धरून ठेवली, पायातला ब्रेक अगदी क्वचित लागला. क्लचवर किंवा अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवला की एक्झॉस्ट ब्रेक सुटतो, म्हणून वळणाआधीच गिअर टाकून मोकळं व्हा, आणि ब्रेक फार स्लो इंजिनवर धरत नाही, इंजिनचा आवाज थोडा वर ठेवा. जर तो चालतच नसेल तर आणखी एक गिअर खाली, साखरप्यापर्यंत दमानं, मधे ब्रेक जळल्याचा वास आला तर सुरक्षित जागी थांबून ड्रम गार होऊ द्या.

दिवा लगेच विझला नाही, रत्नागिरीहून रिकामा परत येताना पालीजवळ आपोआप गेला. मलकापुरात थांबून त्या पोराला वायरचा कापलेला तुकडा दाखवला, त्यानं ठेवून घेतला.